लेझर झाल्या झाल्या बस धरू नका

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली, नजर पुन्हा धुरकट झाली, की खान्देशात हमखास ऐकू येतं: "मोतीबिंदू परत उना." तो परत येत नाही. ऑपरेशनमध्ये गढूळ झालेलं भिंग काढतात, पण त्याची पातळ पिशवी जागेवर ठेवतात, कारण कृत्रिम भिंग तिच्याच आधाराने बसतं. तिच्यात उरलेल्या पेशी मागच्या बाजूवर पसरतात आणि पिशवी धुरकटते. यालाच जाळी येणं म्हणतात.

उपाय याग लेझरचा. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा किरण. एकेका ठोक्यात बहुधा 1 ते 2 मिलिज्यूल ऊर्जा. नेम धरलेल्या जागी सूक्ष्म ठिणगी उडते आणि तिच्या धक्क्याने पिशवीचा धुरकट पडदा फाटतो. असे ठोके अधिकच्या चिन्हासारखे मारत मधोमध 3-4 मिलिमीटरची खिडकी उघडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, टाका नाही, भूल म्हणून फक्त थेंब. इतकं सोपं, की तळोद्याहून धडगावची बस पकडायला पेशंट लगेच उठतो. चांदसैलीच्या घाटात बस असते तेव्हा डोळ्याचा दाब चढत असू शकतो.

असं का होतं, हे जळगावच्या केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको. ठिबकच्या फिल्टरमध्ये गाळ अडकला की अलीकडच्या गेजचा काटा वर जातो. डोळ्यातही पाणी सतत तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातल्या बारीक गाळणीतून निथळतं. फाटलेल्या पडद्याचे कण आणि सूज आणणाऱ्या पेशी तिथे अडकतात. पाणी तयार होणं मात्र थांबत नाही.

डोळ्याचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर इतका असतो. लेझरनंतर तो वाढलाच, तर पहिल्या काही तासांतच वाढतो आणि बहुतेकांचा दिवसभरात उतरतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस निरोगी असेल तर एवढं सोसते. काचबिंदूने आधीच झिजलेली नस सोसेलच असं नाही. एकूण ऊर्जा जास्त लागली किंवा डोळ्यात कृत्रिम भिंगच नसलं, तरी धोका वाढतो. दुखेल तेव्हा बघू, हा हिशेब इथे चालत नाही. माफक वाढलेला दाब दुखत नाही.

म्हणून लेझरच्या आधी आणि लगेच नंतर दाब उतरवणारा ब्रिमोनिडिन किंवा ॲप्राक्लोनिडिनचा थेंब टाकतात. टिमोलॉलही चालतं, पण दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. डोळ्यातला थेंबही रक्तात उतरतो. दाब लेझरपूर्वी मोजायचा आणि तासा-दोन तासांनी पुन्हा. काचबिंदू असेल तर दुसऱ्या दिवशीही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाने त्या रात्री नंदुरबारला पाहुण्यांकडे राहावं, हे बरं.

पुढचे काही दिवस काळे ठिपके तरंगताना दिसतात, ते बहुधा फाटलेल्या पडद्याचे तुकडे असतात. मात्र ठिपके एकदम वाढले, विजेसारखे लखलखाट दिसले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो प्रश्न दाबाचा नाही, डोळ्याच्या मागच्या पडद्याचा असू शकतो.

दाब वाढण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती मेडिकलवरून घरी येते. लेझरनंतर सूज उतरायला काही दिवस स्टेरॉइडचे थेंब देतात. "थंड वाटतं" म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली महिना-महिना आणली, तर काही जणांचा दाब या थेंबांमुळेच आठवड्यांत चढतो. चिठ्ठीवर पाच दिवस लिहिलंय, तर सहाव्या दिवशी बाटली बंद.