नायट्रो केग (होमब्रू)

घरी बनवलेली बिअर केगमधून (धातूच्या बंद पिंपातून) नायट्रोजनच्या दाबाने ग्लासात ओतायची पद्धत. होमब्रूवाले हिला नुसतं 'नायट्रो' म्हणतात. स्टाऊट, पोर्टर, आयरिश रेड अशा माल्टी (मोड आणलेल्या धान्याची चव पुढे असलेल्या) बिअरना हे छान जमतं, भरपूर हॉप्सवाल्या आयपीएला नाही, कारण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास दबून जातो आणि तिथे वासासाठीच तर सगळा खर्च केलेला असतो.

मूळ प्रकार डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीचा. आधी पबमध्ये एका पिंपातली मुरलेली सपाट आणि दुसऱ्यातली ताजी फसफसणारी बिअर मिसळून ग्लास भरायचे, त्याला हातही तसाच बसलेला लागायचा. गिनेसमधल्या मायकेल अ‍ॅश या मूळच्या गणितज्ञाने नायट्रोजन वापरून ते काम एकाच केगवर आणलं, साल १९५९.

आता लोकांचा घोळ इथे होतो की सिलिंडर बदलला म्हणजे झालं नायट्रो. तसं नाही. नायट्रोजन बिअरमध्ये जेमतेम विरघळतो, त्याचं मुख्य काम ढकलायचं. गॅस सहसा मिश्र घेतात, ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि दाब ३० ते ३५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठेवतात. गेजवर ३५ म्हणजे हवेचा दाब धरून साधारण ५०, त्यात कार्बन डायऑक्साइडचा वाटा पाव, म्हणजे साडेबारा, हवेच्या दाबापेक्षाही कमी! म्हणून एवढ्या दाबाखाली राहूनही बिअर जवळपास सपाटच राहते, १.२ व्हॉल्यूमच्या (बिअरच्या आकारमानाच्या किती पट कार्बन डायऑक्साइड विरघळलाय त्याचं माप) आसपास, जिथे साध्या बिअरला अडीच लागतात.

दुसरी गोष्ट नळ. स्टाऊटच्या नळात बारीक भोकांची चकती असते, बिअर त्यातून जोरात घुसली की गॅस सुटतो आणि बारीक बुडबुड्यांचा सायीसारखा फेस येतो. हा फेस टिकतोही, कारण नायट्रोजन एका बुडबुड्यातून दुसऱ्यात सहज सरकत नाही आणि बाहेरच्या हवेतही ७८ टक्के तोच आहे. ग्लासच्या कडेने बुडबुडे खाली जाताना दिसतात तो मात्र भास नाही, मधून वर चढणारे बुडबुडे बिअरला वर ओढतात आणि ती कडेने खाली येताना तिथले बुडबुडे सोबत खेचते.

केग बहुतेक जुने कोल्ड्रिंकवाले, १९ लिटरचे, त्यांना 'कॉर्नी' म्हणतात. पूर्ण कार्बोनेट केलेला (कार्बन डायऑक्साइड मुरवलेला) केग थेट स्टाऊटच्या नळाला जोडला तर ग्लासभर फेस येतो, आणि निस्तरणाऱ्याच्या तोंडालाही. मग गॅस तोडून झाकणाचा व्हॉल्व ओढत, थांबत, पुन्हा ओढत बिअर सपाट करत बसा, दोन दिवस सहज जातात. रेग्युलेटरही वेगळा लागतो, अमेरिकेत तर सिलिंडरची आटीच वेगळी असते. शिवाय कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो, हे मिश्रण वायूच राहतं, त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरमध्ये माल कमी आणि तो लवकर संपतो.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, पण हीच केग आणि हाच नळ वापरून कॅफेवाले नायट्रो कोल्ड ब्रू कॉफी देतात, त्याला हा कायदा आड येत नाही.

एवढा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी जुगाड आहे: ग्लासातली थोडी स्टाऊट स्वच्छ, बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढायची आणि त्याच ग्लासात जोरात मारायची. वर साय येते, दिसायला अगदी तशीच, फक्त तेवढी टिकत नाही.