ट्रेलर डोलू लागला की वेग वाढवावा का?

‘मागचा कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) किंवा ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागला तर ॲक्सिलरेटर दाबा, ओढ बसून तो सरळ होतो’, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण ओढ वाढली की क्षणभर ट्रेलर सरळ झाल्यासारखा वाटतो खरा. पण ओढ क्षणाची, वाढलेला वेग मात्र तसाच राहतो. आणि खरी गोम वेगातच आहे. कमी वेगात प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो. एका मर्यादेपुढे तो मोठा होत जातो आणि शेवटी पुढच्या गाडीलाही फिरवतो.

म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून घ्यायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. ब्रेक करकचून दाबायचा नाही.

पडताळणी रस्त्यावर नको, घरीच करा. चालत्या ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी धरून ठेवा, मागे दोन चाकांचा ट्रेलर जोडा. वजन ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवून बोटाने टिचकी मारा, डोलणं वाढत जाईल. पट्टा हळू केला की शमेल. वजन पुढे सरकवलंत, तर वेगातही शमेल.

खऱ्या ट्रेलरचा तोल निघण्याआधीच पाहता येतो. सामान भरून, सपाट जागी चाकांना अडण लावून, ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या टोकाखाली ठोकळा आणि बाथरूममधला वजनकाटा ठेवायचा. ब्रिटनमध्ये भरलेल्या कॅरव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार तिथे यावा असं सांगतात, म्हणजे १२०० किलोला ६० ते ८४ किलो. अमेरिकेत हेच प्रमाण १० ते १५ टक्के धरतात. गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा मात्र ओलांडायची नाही.