यादीत नसलेल्या शेतकऱ्याची मोजणी

शेती खात्याचा वार्षिक अहवाल कोणत्याही देशाचा घ्या, त्यात खर्चाचा आकडा ठळक असतो. तरतूद इतकी, वितरित निधी इतका, खर्ची पडला इतके टक्के. आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी २००३ साली मोझांबिकमधल्या मापुतो शहरात ठराव केला की अर्थसंकल्पाचा निदान १० टक्के वाटा शेतीला द्यायचा. तेव्हापासून कोणता देश कुठवर पोचला याचे तक्ते निघत असतात. असे तक्ते हवेतच. मात्र त्यांतून एवढंच कळतं, की पैसे तिजोरीतून बाहेर पडले. ज्या शेतकऱ्याच्या नावाने ते बाहेर पडले त्याच्या हाती काय आलं, हे त्या कागदांवरून समजत नाही, कारण ते कागद पैसे देणाऱ्यानेच लिहिलेले असतात.

घेणाऱ्याच्या बाजूने मोजायची पद्धत नावारूपाला आली ती युगांडात, आणि तीही शेतीत नव्हे, शिक्षणात. तिथे सरकारचा प्राथमिक शिक्षणावरचा खर्च वाढत होता, पण शाळेत येणाऱ्या मुलांचा अधिकृत आकडा जागचा हलत नव्हता. रित्वा राइनिका आणि याकोब स्वेन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २५० शाळा निवडल्या आणि १९९१ ते १९९५ या काळासाठी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एका वहीत केंद्र सरकारने पाठवलेलं अनुदान होतं, दुसरीत शाळेत प्रत्यक्ष जमा झालेलं. पगार सोडून इतर खर्चासाठी दर विद्यार्थ्यामागे जे अनुदान निघत होतं, त्यातलं सरासरी १३ टक्केच शाळांपर्यंत पोचलं होतं. बहुसंख्य शाळांना तर काहीच मिळालं नव्हतं.

त्यानंतर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, आणि २००१पर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला. ही हकिकत जगभर ‘माहितीच्या ताकदीचं’ उदाहरण म्हणून सांगितली गेली. पुढे पॉल हबर्ड यांनी दाखवून दिलं की त्याच काळात युगांडात इतरही मोठे बदल झाले होते. प्राथमिक शिक्षण मोफत झालं होतं, निधी पाठवण्याचे नियम बदलले होते, वरून देखरेख वाढली होती. तेव्हा सगळं श्रेय वर्तमानपत्राला देता येणार नाही. माझ्या मते हा आक्षेप बरोबर आहे, पण त्याने मूळ मोजणीला धक्का लागत नाही. १३ टक्के हा आकडा दोन वह्यांची तुलना केल्याशिवाय कधीच कुणाला दिसला नसता.

शेतीत हेच काम कितीतरी अवघड होतं. शाळा एका जागी असते, तिला हजेरीपट असतो, मुख्याध्यापक असतो. शेतकरी विखुरलेले असतात आणि बहुतेकांकडे हिशोबाची वही नसते. शिवाय मदत बहुधा रोख नसते. खत, बियाणं, सल्ला, पाणी, कर्जावरच्या व्याजातली सूट अशा रूपांत ती येते आणि वाटेत अनेक हात बदलते. त्यामुळे मोजायला सुरुवात करण्याआधी ‘पोचलं’ म्हणजे नक्की काय, हे ठरवावं लागतं.

खताची एक गोणी घ्या. ती गोदामातून निघाली, विक्रेत्याकडे उतरली, कुपन देऊन कुणीतरी उचलली. आता विचारायचे प्रश्न सुरू होतात. उचलणारा तोच होता का, ज्याच्यासाठी योजना होती? टांझानियात खत-बियाण्याची कुपनं गावोगावच्या समित्यांमार्फत वाटली गेली. गावाला आपले गरजू कोण ते ठाऊक असतं, हा त्यामागचा विचार होता. किलिमांजारो भागात लेई पान आणि लुक ख्रिस्तियान्सन यांनी तपासलं तेव्हा वाटलेल्या कुपनांपैकी सुमारे ६० टक्के गावच्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांकडेच गेलेली आढळली. ज्या गावांत विषमता जास्त आणि जी गावं आडवळणाला, तिथे निवड अधिकच बिघडलेली होती. अशा ठिकाणी हिशोब तपासनीस बसवला तर त्याला काहीच खोट सापडणार नाही. कुपनं खरी होती, गोण्या खऱ्या होत्या, घेणारे गावातलेच होते.

दुसरा प्रश्न वेळेचा. मक्याला नत्राची सर्वांत जास्त भूक लागते ती झपाट्याच्या वाढीच्या काळात. वरखताचा, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचा युरिया तो काळ उलटून गेल्यावर हाती पडला तर पिकाला त्याचा उपयोग फार थोडा. अहवालात मात्र ही गोणी वेळेवर आलेल्या गोणीइतकीच ‘वितरित’ असते. कोणत्याही सर्वेक्षणात ‘मिळालं का’ याच्या शेजारी ‘कोणत्या आठवड्यात मिळालं’ हा प्रश्न नसेल तर ते सर्वेक्षण अपुरं समजावं.

तिसरा प्रश्न गोणीत काय आहे याचा. युगांडातल्या किरकोळ दुकानांतून घेतलेल्या खताची प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा त्यात असायला हवं त्यापेक्षा सरासरी ३० टक्के नत्र कमी भरलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे खळबळ उडाली. नंतर टांझानियात झालेल्या अभ्यासात उलट चित्र दिसलं. तिथलं खत चांगलं होतं, पण शेतकऱ्यांना ते भेसळीचं वाटत होतं. शेतकऱ्याच्या तक्रारीवर किंवा विक्रेत्याच्या शपथेवर या प्रश्नाचा निकाल लागत नाही. नमुना घेऊन तपासावाच लागतो.

आणि चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो: मदत मिळाली नसती तर काय झालं असतं? मलावीत २००५-०६पासून मोठी खत अनुदान योजना चालली. जेकब रिकर-गिल्बर्ट, थॉमस जेन आणि एफ्रेम चिरवा यांच्या हिशोबानुसार, अनुदानित खत एक किलो वाढलं की शेतकरी बाजारातून विकत घेत असलेलं खत सरासरी ०.२२ किलोने कमी करत होते. म्हणजे शेतात पडणारी निव्वळ भर किलोमागे साधारण पाऊण किलोची. यात चोरी कुणीच केली नाही. जो आधीपासून खत विकत घेऊ शकत होता त्याला अनुदान मिळालं, एवढंच घडलं.

पैशाचं तर याहून गुंतागुंतीचं असतं, कारण तो खात्यात जमा झाल्यावरही पुढे सरकतो. अमेरिकेतल्या शेती अनुदानांचा अभ्यास करून बॅरेट किरवान यांनी २००९ साली दाखवलं की खंडाने, म्हणजे भाड्याने जमीन कसणाऱ्याला मिळालेल्या अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमधले सुमारे २५ सेंट वाढीव खंडाच्या रूपाने जमीनमालकाकडे जातात. अनुदान मिळणार हे मालकालाही माहीत असतं, तो त्या हिशोबाने खंड ठरवतो. हा पैसा योग्य माणसाच्या खात्यात वेळेवर, पूर्ण जमा झालेला असतो. तरीही त्याचा चौथा हिस्सा दुसऱ्याचाच.

मोजायचं कसं, याचं सर्वांत सुंदर काम मला बेंजामिन ओल्केन यांचं वाटतं. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना स्वस्त तांदूळ वाटण्याची योजना होती. सरकारने किती तांदूळ पाठवला याची नोंद होतीच. ओल्केन यांनी ती नोंद घरोघरच्या राष्ट्रीय पाहणीशी ताडून पाहिली. पाहणी करणाऱ्यांचा वाटपाशी संबंध नव्हता, म्हणून त्यांना आकडा फुगवण्याचं किंवा दाबण्याचं कारणही नव्हतं. दोन्हींतला फरक किमान १८ टक्के निघाला.

त्यांचा रस्त्यांचा अभ्यास तर त्याहून चिकाटीचा. इंडोनेशियातल्याच ६०८ गावांत गावरस्ते बांधले जात होते. अभियंत्यांनी बांधलेले रस्ते खोदून त्यातल्या खडी-वाळूचे नमुने काढले, किती माल पडला असेल याचा अंदाज बांधला, भाव आणि मजुरी स्थानिक लोकांना विचारली आणि ते सगळं दाखवलेल्या खर्चाशी ताडलं. पण पूर्ण प्रामाणिकपणे बांधलेल्या रस्त्यातही काही माल उडतो, सांडतो, दबतो. ती घट चोरीत धरायची नाही म्हणून त्यांनी स्वतः छोटे चाचणी रस्ते बांधून आधी नैसर्गिक घट मोजली. गावांना आधीच कळवलं की तुमचं लेखापरीक्षण नक्की होणार, तेव्हा गायब खर्च २७.७ टक्क्यांवरून १९.२ टक्क्यांवर आला. त्याच वेळी पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांना कामावर घेण्याचं प्रमाण वाढलं. एक भोक बुजवलं की गळती दुसरीकडून सुरू होते, हेही आकड्यांतच दिसलं.

त्या चाचणी रस्त्यांचं मोल शेतीच्या पाहणीत फार आहे. खात्याचा आकडा आणि शेतकऱ्याने सांगितलेला आकडा यांतला प्रत्येक फरक म्हणजे अपहार नव्हे. आठ महिन्यांपूर्वी किती गोण्या मिळाल्या हे आठवत नाही. खात्याचं वर्ष आणि पिकाचा हंगाम एकमेकांशी जुळत नाहीत. घरातल्या एकाने उचललं आणि उत्तर दुसऱ्याने दिलं, असंही होतं. आपल्या मोजपट्टीची स्वतःची चूक किती, हे आधी काढल्याशिवाय कुणावर आरोप करणं अन्यायाचं ठरेल.

नमुना किती मोठा हवा, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अनेकांना पटत नाही. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले १,००० शेतकरी पुरतात, आणि एखाद्या टक्केवारीचा अंदाज साधारण ३ टक्के इकडे-तिकडे इतका नेमका येतो. शेतकरी एक लाख असोत की एक कोटी, त्याने या अचूकतेत जवळपास फरक पडत नाही. फरक पडतो तो निवडीने. एका गावातल्या शेतकऱ्यांचा विक्रेता एक, अधिकारी एक, रस्ता एक, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी असतात. २० गावांत प्रत्येकी ५० जण विचारण्यापेक्षा १०० गावांत प्रत्येकी १० जण विचारले तर बरंच जास्त कळतं. खर्च प्रवासाचा वाढतो, आणि नेमका तिथेच हात आखडता घेतला जातो.

पण खरी मेख आहे ती नावं कोणत्या यादीतून काढायची यात. बहुतेक पाहण्या लाभार्थींच्या यादीतून नावं उचलतात, कारण ती यादी तयार असते. त्या यादीवरून अपात्र माणूस सापडतो, कागदावरचा मृत माणूस सापडतो, कमी रक्कम मिळालेला सापडतो. जो पात्र असूनही यादीत आलाच नाही, तो मात्र अशा कोणत्याही पाहणीत कधीही सापडणार नाही, ती कितीही काटेकोर असली तरी. अपात्राला मिळणं आणि पात्राला न मिळणं या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिलीवर बातमी होते, चौकशी लागते, वसुली होते. दुसरीची नोंदच नसते, म्हणून ती कुणाच्या कामगिरीवर डाग लावत नाही.

म्हणूनच पडताळणी कडक करण्याचा उपाय जपून वापरायला हवा. झारखंडमध्ये रेशनसाठी बोटांच्या ठशांची सक्ती झाली, तेव्हा कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी यादृच्छिक प्रयोगाने परिणाम मोजला. या सक्तीने गळती कमी झाल्याचं दिसलं नाही, पण ज्यांच्या नोंदी आधारशी जोडलेल्या नव्हत्या अशा खऱ्या लाभार्थींचं धान्य कमी झालं.

याच तिघांनी जेफ्री वीव्हर यांच्यासोबत तेलंगणात केलेला प्रयोग मला फार आशादायक वाटतो. रयतू बंधू योजनेत २०१८ साली ५७ लाख शेतकऱ्यांना जवळपास एक अब्ज डॉलर इतकी रक्कम धनादेशांनी वाटायची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मंडलं (तिथले तालुक्यासारखे विभाग) निवडली आणि तिथल्या कृषी अधिकाऱ्यांना फक्त एवढंच कळवलं, की शेतकऱ्यांना फोन करून वाटप कसं झालं ते विचारलं जाणार आहे. दंड नाही, बक्षीस नाही. पैसे न मिळालेल्या शेतकऱ्यांची संख्या त्या मंडलांत ७.८ टक्क्यांनी कमी झाली. शेतकऱ्यांपर्यंत पोचलेल्या जास्तीच्या प्रत्येक डॉलरमागे खर्च आला ३.६ सेंट. शेतीवरच्या खर्चात इतका स्वस्त सुधार क्वचितच सापडतो. मात्र तेही फोन ज्यांचं नाव जमिनीच्या नोंदीत होतं त्यांनाच गेले. खंडाने कसणारे त्या योजनेच्या बाहेरच होते.

उपग्रहांनाही हीच मर्यादा आहे. युरोपीय संघ आता शेतजमिनीवरच्या अनुदानांची पडताळणी सेंटिनेल उपग्रहांच्या चित्रांवरून करतो. सेंटिनेल-२ची जोडी दर ५ दिवसांनी १० मीटरच्या बारकाईने तोच तुकडा पुन्हा टिपते, आणि पेरणी, कापणी, पडीक जमीन यांतला फरक त्यातून ओळखता येतो. निरीक्षकाने वर्षातून एकदा शेतात चक्कर मारण्यापेक्षा हे कितीतरी सरस आहे. पीक दिसतं, पण ते कोण कसतं आणि पैसा कोणाच्या घरात राहतो, हे दिसत नाही. त्यासाठी नावं जाहीर करण्याचा मार्ग युरोपात निघाला. २०१० साली तिथल्या न्यायालयाने व्यक्तींची नावं सरसकट प्रसिद्ध करणं खासगीपणावर घाला ठरवून रोखलं. पुढे अगदी छोट्या रकमा घेणाऱ्यांना वगळून ती पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली. मला ही तडजोड रास्त वाटते.

राहतो तो यादीबाहेरचा शेतकरी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार जगातल्या जमीनधारकांत स्त्रियांचा वाटा १५ टक्क्यांहून कमी आहे, आणि शेतात राबणाऱ्यांत तो याहून कितीतरी मोठा. जमिनीच्या नोंदीवरून निघालेली कोणतीही यादी इथेच लंगडी पडते. यावर उपाय जुना आहे आणि कष्टाचा आहे. निवडलेल्या गावात आधी प्रत्येक घराची फेरी करायची, ‘जमीन कोणाच्या नावावर’ हे विचारण्याआधी ‘या हंगामात पेरणी, खुरपणी, कापणी कोणी केली’ हे विचारायचं, आणि त्या उत्तरांतून नमुना काढायचा. मग योजनेची यादी त्याच्याशी ताडायची, म्हणजे कोण गळलं आणि का गळलं हे दोन्ही दिसतं. या फेरीसाठीचे पैसे योजनेच्या मूळ तरतुदीतच, पहिल्या हप्त्याच्या आधी, वेगळे काढून ठेवावे लागतात. आणि ती फेरी करणारी माणसं वाटप करणाऱ्या खात्याच्या हाताखाली असता कामा नयेत.