तुमच्या सी पॅकेजसाठी स्वयंचलित चाचणी : आम्ही काय बसवतो आणि का

ज्यांचा धंदा सी भाषेतल्या कोडवर चालतो, त्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. कुणाचा वजनकाटा आहे, कुणाचं दूध संकलन केंद्रावरचं यंत्र, कुणाची कारखान्यातल्या पॅनेलशी बोलणारी लायब्ररी. कोड बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांचा, दोघा-तिघांनी मिळून लिहिलेला, आणि त्यांतला एखादा आता कंपनीत नाही. बदल करायची वेळ आली की सगळ्यांच्या मनात एकच शंका : इथे हात लावला आणि तिकडे काही बिघडलं तर? या शंकेचं उत्तर दर बदलानंतर, काही मिनिटांत, माणसाने हाताने काही न तपासता मिळावं, यासाठी आम्ही जी व्यवस्था बसवून देतो तिची ही माहिती.

सी मधली चूक गप्प बसते

बऱ्याच नव्या भाषांमध्ये ॲरेच्या, म्हणजे ठरावीक घरांच्या रांगेच्या, हद्दीबाहेर हात घातला की प्रोग्राम जागेवर थांबतो आणि ओळ क्रमांकासकट सांगतो. सी असं सांगत नाही. दहा घरांच्या ॲरेत अकराव्या घरात लिहिलं तर शेजारचं एखादं व्हेरिएबल मुकाट्याने बदलतं आणि काम पुढे चालू राहतं. अशा वेळी काय व्हावं हे भाषेच्या नियमांत ठरवलेलंच नाही. त्याला ‘अनडिफाइंड बिहेवियर’ म्हणतात. म्हणूनच ऑफिसातल्या संगणकावर वर्षभर नीट चाललेला कोड ग्राहकाच्या बोर्डावर पहिल्याच दिवशी अडकतो.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला हार्टब्लीड हा दोष. ओपनएसएसएल ही इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणारी, जगभर वापरली जाणारी सी लायब्ररी. समोरचा ‘मी इतके बाइट पाठवले, तेवढेच परत दे’ म्हणायचा, आणि त्याने खरंच तेवढे पाठवलेत का हे लायब्ररी तपासत नव्हती. एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची मेमरी बाहेर जाऊ शकत होती. त्यात पासवर्ड असू शकत होते, खाजगी किल्ल्याही. दोष आला होता मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीत. म्हणजे दोन वर्षं तो कोड हजारो सर्व्हरवर, वरून पाहता अगदी व्यवस्थित, चालत होता. दुरुस्ती काय होती? लांबीची तपासणी.

आमच्याकडे आलेलं एक कामही सांगतो. फाइल वाचणारं छोटं फंक्शन होतं. वाचलेला प्रत्येक बाइट साध्या ‘चार’ (char, म्हणजे एका बाइटाच्या) प्रकारात ठेवायचा आणि फाइल संपल्याची खूण, म्हणजे उणे एक, आली का बघायचं. इंटेलच्या संगणकावर साधा ‘चार’ ऋण किंमत धरतो, त्यामुळे लूप थांबायचा. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर साधा ‘चार’ ऋण किंमत धरत नाही. तिथे उणे एकचे २५५ होतात, तुलना कधीच जुळत नाही, लूप कधीच संपत नाही. ग्राहकाने फक्त बोर्ड बदलला होता, कोडला कुणी हात लावला नव्हता. दोन दिवस सगळे नव्या बोर्डाचाच संशय घेत होते. दोन्ही प्रोसेसरवर रोज चालणारी एक चाचणी असती तर हे पहिल्या बिल्डलाच कळलं असतं.

आम्ही नेमकं काय बसवतो

पहिली गोष्ट, एकच कमांड. कोडपासून पॅकेज बांधायची साधनं वेगवेगळी असतात. तुमचं पॅकेज ऑटोटूल्सवर बांधलेलं असेल तर ती ‘मेक चेक’, सीमेकवर असेल तर ‘सीटेस्ट’. कंपनीत काल रुजू झालेल्या मुलालाही ती चालवता आली पाहिजे, आणि चालवल्यावर कुणाला काही विचारावं लागता कामा नये. चाचण्या चालवण्यासाठी सूचनांचं पान लागत असेल तर त्या महिनाभरात बंद पडतात, हा आमचा अनुभव आहे.

ऑटोटूल्समधल्या ऑटोमेकचा नियम सोपा आहे. प्रत्येक चाचणी म्हणजे एक छोटा प्रोग्राम, आणि तो संपताना काय आकडा देतो त्यावर निकाल. ० म्हणजे पास. ७७ म्हणजे ‘इथे चालवता आली नाही, सोडून दिली’, उदाहरणार्थ यंत्र जोडलेलं नाही. ९९ म्हणजे चाचणीची मांडणीच कोलमडली. बाकी काहीही आलं तर नापास. यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. पॅकेज आधीच ऑटोमेकवर असेल तर ही सोय तुमच्याकडे आत्ताही आहे, फक्त वापरात नाही.

दुसरी गोष्ट, चाचण्या लिहायची लायब्ररी. लिनक्सवर चालणाऱ्या पॅकेजसाठी आम्ही बहुधा ‘चेक’ घेतो. ती प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवते. सी मध्ये याला फार महत्त्व आहे, कारण एका चाचणीत चुकीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) लागून प्रोग्राम पडला तरी बाकीच्या चालत राहतात आणि कोणती पडली तेही कळतं. एखादी चाचणी अडकली तर ठरलेल्या वेळेनंतर ती मारलीही जाते. मुळात ही मुदत ४ सेकंदांची असते, लागेल तशी वाढवता येते. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर प्रोसेस हा प्रकारच नसतो. तिथे आम्ही ‘युनिटी’ घेतो, जी एक सी फाइल आणि दोन हेडर एवढीच आहे. खऱ्या फंक्शनच्या जागी डमी बसवायची गरज पडली की ‘सीमोका’. यांतली सर्वांत चांगली कोणती, या वादात आम्ही ग्राहकाचा वेळ घालवत नाही. तुमच्या बोर्डावर जी चालते ती चांगली.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, आणि याच ठिकाणी लोक काटकसर करतात. चाचणी फक्त उत्तर बरोबर आलं का ते बघते. उत्तर बरोबर आलं, पण वाटेत मेमरीची हद्द ओलांडली, हे तिला दिसत नाही. त्यासाठी तेच पॅकेज आम्ही ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ लावून दुसऱ्यांदा बिल्ड करतो. हा जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरमध्ये अंगभूत आहे. त्याने प्रोग्राम साधारण दुप्पट हळू चालतो, पण अकराव्या घरात लिहिलं की लगेच थांबतो आणि फाइल, ओळ, मेमरी कुठे घेतली होती, सगळं दाखवतो. गप्प बसणारी चूक बोलायला लागते. ज्या कोडचा नव्याने बिल्ड होऊ शकत नाही त्याला ‘व्हॅलग्राइंड’ लावता येतो. तो वीस-तीस पट हळू असतो, म्हणून तो रात्री चालवायचा. दोन्ही एका वेळी लावता येत नाहीत.

चौथी गोष्ट पॅकेजची स्वतःची. कोड बरोबर असतो, पण ग्राहकाला पाठवलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यात, एक हेडर राहून गेलेलं असतं. ज्याने पॅकेज बनवलं त्याच्या संगणकावर ते असतंच, त्यामुळे त्याला कधीच कळत नाही. ऑटोटूल्सचं ‘मेक डिस्टचेक’ टारबॉल बनवतं, वेगळ्या जागी उघडतं, मूळ फोल्डर लिहिता येणार नाही असं करून बाहेरून बिल्ड करतं, चाचण्या चालवतं, इन्स्टॉल करतं, अनइन्स्टॉल करून काही मागे उरलं का तेही बघतं. रिलीजच्या आधी हे एकदा हिरवं, म्हणजे पास, झालंच पाहिजे, असा नियम आम्ही सगळ्यांकडे घालून देतो.

आणि हे सगळं तुमच्या सर्व्हरवर, प्रत्येक कमिटनंतर, म्हणजे कोडमधला बदल नोंदवला की, आपोआप.

खरं काम : कोड सोडवून घेणं

वरचं सगळं बसवायला चार-पाच दिवस पुरतात. मग आमचा अंदाज तीन-चार आठवड्यांचा का असतो, असं ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

जुन्या सी कोडमध्ये हिशेब, वेळ, सिरियल पोर्ट आणि छपाई एकाच फंक्शनमध्ये गुंतलेली असतात. दुधाचा दर काढणारं फंक्शन आतूनच काट्याचं वजन वाचतं, आतूनच घड्याळ बघतं आणि आतूनच पावती छापतं. याची चाचणी करायची तर टेबलावर काटा, प्रिंटर आणि दुधाचा कॅन हवा. म्हणून पहिलं काम म्हणजे हिशेब मोकळा करणं. वजन, फॅट आणि तारीख बाहेरून द्यायची, रक्कम परत घ्यायची, मध्ये दुसरं काही नाही. मग अशा हजार नोंदी एका सेकंदात तपासून होतात.

आणि तपासताना सापडतं काय, तर हे. दर १९.९९ रुपये, त्याला शंभरने गुणून पैसे काढायचे. डबल (दशांश संख्यांच्या) प्रकारात हा गुणाकार १९९९ येत नाही, १९९८.९९९… असा येतो, आणि पूर्णांकात टाकताना पुढचं सगळं गळून पडतं. उत्तर १९९८ पैसे. शेतकऱ्याचा एक पैसा गेला, रोज, प्रत्येक पावतीत. पैशांचा हिशेब पहिल्यापासून पूर्णांक पैशांतच ठेवावा, हा आमचा आग्रह त्यामुळे आहे.

तारीख बाहेरून देण्याचा फायदा तर लगेच दिसतो. ३१ मार्चची रात्र, २९ फेब्रुवारी, सगळं आज दुपारी तपासता येतं. ३२ बिटांत वेळ मोजणारी बोर्डं अजून बाजारात आहेत. त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर उलटं फिरून १९०१ सालात जाईल. तुमचं यंत्र बारा-पंधरा वर्षं चालणार असेल तर हा आजचाच प्रश्न आहे.

मराठी नावं साठवणाऱ्या प्रत्येक पॅकेजला आम्ही ‘कोल्हापूर’ हा शब्द आवर्जून देतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, हलन्तसुद्धा, ३ बाइट घेतं. ‘कोल्हापूर’मध्ये ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. फील्ड २० बाइटांचं असेल आणि शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटचा शून्य बाइट राखून ठेवला असेल तर १९ बाइट मावतात : ‘कोल्हा’ आणि पुढच्या अक्षराचा तुटका तुकडा. पावतीवर तिथे चौकोन उमटतो. आणि नाव ‘स्ट्रएनकॉपी’ या सी च्या नक्कल करणाऱ्या फंक्शनने वीस बाइट सांगून भरलं असेल तर शेवटचा शून्य बाइट पडतच नाही; छपाई पुढच्या मेमरीत घुसते. इंग्रजी नावांनी केलेल्या चाचणीत यातलं बरंचसं कधीच दिसत नाही.

हिरवा निकाल खोटाही असू शकतो

हा भाग तुमच्या प्रोग्रामरला नक्की वाचायला द्या.

साध्या ‘असर्ट’ने, म्हणजे ‘हे खरं असलंच पाहिजे’ अशा ओळीने, लिहिलेल्या चाचण्या रिलीज बिल्डमध्ये चालवल्या आणि तिथे ‘एनडीबग’ हा पर्याय चालू असेल, तर सगळे असर्ट कोडमधून गायब होतात. सीमेकचा रिलीज प्रकार हे स्वतःहून करतो. चाचण्या चालतात, काही तपासत नाहीत, आणि सगळं हिरवं. तसंच अनडिफाइंड बिहेवियर पकडणाऱ्या ‘अनडिफाइंड सॅनिटायझर’चं : तो मुळात चूक दिसली की एक ओळ छापतो आणि पुढे जातो, चाचणी पासच राहते. चूक दिसताच थांबायचा पर्याय त्याला वेगळा द्यावा लागतो. आणि ७७ आकडा देऊन सोडून दिलेल्या चाचण्या मोजल्या नाहीत तर एक दिवस निम्म्या चाचण्या चालतच नाहीत, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून काम सोपवताना आम्ही तुमच्यासमोर कोड मुद्दाम बिघडवतो. अधिकच्या जागी उणे, लहान-मोठ्याची खूण उलटी, एक हद्दतपासणी काढून टाकायची. दर वेळी लाल दिवा लागलाच पाहिजे. जिथे लागत नाही तिथे आमचं काम अपुरं आहे, आणि ते आम्ही पूर्ण करून देतो.

कोडच्या किती ओळी चाचणीत चालल्या हे ‘जीकव्ह’ दाखवतो. हा आकडा आम्ही देतो, पण त्यावर पैज लावत नाही. ओळ चालली म्हणजे ती बरोबर आहे असं नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसच्या सी लायब्ररीने शंभर टक्के गाठलेत, तेही विमानाच्या सॉफ्टवेअरसाठी असलेल्या कडक मोजमापाने; त्यासाठी त्यांचा चाचणीचा कोड मूळ लायब्ररीच्या शेकडो पट मोठा आहे. तुमच्या पॅकेजला तेवढं लागत नाही. पैसे मोजणारा, वजन मोजणारा आणि बाहेरून आलेला डेटा वाचणारा भाग मात्र पूर्ण झाकलेला हवा.

काम कसं चालतं

सुरुवात तुमच्या तक्रारवहीपासून. गेल्या दोन वर्षांत ग्राहकांनी कळवलेला प्रत्येक बिघाड आम्ही आधी चाचणीत उतरवतो, दुरुस्ती नंतर. ती चाचणी कायम राहते, त्यामुळे तोच बिघाड परत आला तर तुम्हाला आधी कळतं, ग्राहकाला नाही. त्यानंतर तुमच्या प्रोग्रामरशेजारी बसून पुढच्या चाचण्या लिहितो. लिहितो ते त्यांच्याच हाताने, कारण आम्ही गेल्यावर नवी चाचणी त्यांनाच घालायची आहे. कोड तुमच्या संगणकाबाहेर नेत नाही. वापरलेली सगळी साधनं मुक्त स्रोताची आहेत, वर्षाचा परवाना भरावा लागत नाही.

फोन करण्याआधी तीन गोष्टी हाताशी ठेवा : पॅकेज ज्यावर चालतं त्या बोर्डांची आणि कंपायलरच्या आवृत्त्यांची यादी, शेवटचं पाठवलेलं टारबॉल, आणि ज्या फाइलला हात लावायला तुमची माणसं कचरतात तिचं नाव. पहिली चाचणी आम्ही त्याच फाइलवर लिहितो.