बहमनी साम्राज्याचा ऱ्हास

दख्खनमधील बहमनी सत्ता १३४७ मध्ये अलाउद्दीन हसन बहमनशहाने स्थापन केली. राजधानी आधी गुलबर्गा, पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बीदर. रायचूर दुआबासाठी, म्हणजे कृष्णा-तुंगभद्रेमधल्या मुलखासाठी, विजयनगरशी तिची पिढ्यान्‌पिढ्या झुंज चालली, पण विजयनगरने ती बुडवली नाही. १४७२ मध्ये गोवा हाती आला तेव्हा राज्य पश्चिम समुद्रापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरले होते. त्यानंतर वीस वर्षांच्या आत ते आतूनच फुटले.

मूळ दुखणे दरबारातील दुहीचे. एका बाजूला दख्खनी, म्हणजे आधीपासून इथे रुजलेले उत्तरेकडचे मुसलमान, धर्मांतरित स्थानिक आणि त्यांना मिळालेले हबशी. दुसऱ्या बाजूला आफाकी किंवा परदेशी, म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तानातून नव्याने आलेले. आफाकी बहुधा शिया, दख्खनी सुन्नी. पण पंथापेक्षा भांडण जहागिरी आणि मानमरातबाचे होते. दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या काळात (१४३६–५८) कोकणात शिर्के या स्थानिक मराठा सरदारांनी आफाकी सरदार खलफ हसन बसरी याची फौज जंगलात गाठून कापून काढली. वाचलेले लोक चाकणच्या किल्ल्यात आले. दख्खनी सरदारांनी ‘हे फितूर झाले’ असे सुलतानाला कळवले, किल्ला वेढला, अभय देऊन त्यांना बाहेर काढले आणि मेजवानीला बसवून त्यांची कत्तल केली. सुलतानाने नंतर दोषींना शिक्षा केली खरी, पण विश्वास गेला तो गेलाच.

ही दुही आवरू शकणारा एकच माणूस पुढे आला, तो म्हणजे इराणमधल्या गीलानहून आलेला वजीर महमूद गावान. स्वतः आफाकी असूनही त्याने दोन्ही पक्षांना जागा वाटून दिल्या. राज्याच्या मूळच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, त्याने आठ तरफा केल्या. तरफदाराच्या, म्हणजे प्रांताच्या सुभेदाराच्या, हाती एकच किल्ला ठेवून बाकी किल्ल्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार नेमले, आणि ठरल्यापेक्षा कमी शिपाई बाळगले तर तेवढ्यांचा पगार कापण्याचा नियम केला. साम्राज्य टिकवण्याचा याहून नेमका उपाय त्या काळात दुसरा दिसत नाही. पण ज्यांच्या हातचे किल्ले गेले, ते त्याच्या जिवावर उठले.

गावानची मोहर सांभाळणाऱ्याला फितवून एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेण्यात आला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण देणारा मजकूर लिहिला गेला. तिसऱ्या मुहम्मदशहाने दारूच्या नशेत त्याला बोलावून पत्र दाखवले. शिक्का माझा आहे, अक्षर माझे नाही, एवढेच तो सांगू शकला. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचे डोके उडवण्यात आले. कट उघडकीस आल्यावर सुलतान पश्चात्तापाने खचला आणि पुढच्याच वर्षी वारला. गावानचा वध हे ऱ्हासाचे एकमेव कारण नव्हे, पण त्यानंतर सुधारणांचा वाली कोणी उरला नाही, ही गोष्ट निर्णायक ठरली.

गादीवर आलेला महमूदशहा अल्पवयीन होता. कारभार दख्खनी पक्षाच्या मलिक हसन निजाम-उल्-मुल्ककडे गेला. तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. १४८६ मध्ये बीदरमध्ये त्याचाही खून झाला. आता राजधानीत जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे, हे प्रत्येक तरफदाराला कळून चुकले. १४९० मध्ये जुन्नरकडे मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद, विजापुरात युसुफ आदिलखान आणि वऱ्हाडात फत्हुल्ला इमाद-उल्-मुल्क स्वतंत्र झाले. पुढे गोवळकोंड्यात कुली कुत्ब-उल्-मुल्कही. बीदरमध्ये सुलतान बरीद या वजीर घराण्याच्या कैदेत राहिल्यासारखा होता.

रयतेची अवस्थाही विसरता येत नाही. १४७० च्या सुमारास बीदरला आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन लिहितो की उमराव अतिशय ऐश्वर्यात आहेत आणि खेड्यांतली माणसे हलाखीत. अशा राज्यासाठी मरायला गावोगावी कोण उभे राहणार?

शेवटचा सुलतान कलीमुल्ला याने बाबराकडे गुप्तपणे मदत मागितली. बातमी फुटल्यावर तो विजापूरला आणि तिथून अहमदनगरला पळाला. बीदरजवळ अष्टूरला या घराण्याच्या कबरी एका रांगेत आहेत. दुसऱ्या अलाउद्दीनचा बाप अहमदशहा वली याच्या कबरीत आतल्या भिंतींवर अजून रंगकाम दिसते, तिसऱ्या मुहम्मदशहाची कबर अर्धवटच राहिली, आणि अखेरच्या सुलतानांच्या कबरी अगदी लहान आहेत.