ग्राउसच्या शिकारीला पहिल्यांदा निघताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

मिनेसोटात राहणाऱ्या आणि यंदा रफ्ड ग्राउसची (रानकोंबडीसारखा एक जंगली पक्षी) शिकार शिकायचं ठरवलेल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना हे शिकवणारं घरात कुणी नसतं आणि दुकानात आल्यावर पहिला प्रश्न असतो, बंदूक कुठली घेऊ? आमचं सांगणं असं की बंदूक सगळ्यात शेवटी घ्या.

आधी कागदपत्रं

एच-वन-बी, एफ-वन किंवा दुसऱ्या कुठल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हा भाग दोनदा वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एक: अमेरिकेत मिळालेला, चालू मुदतीचा शिकार परवाना जवळ असणं. म्हणून परवाना आधी. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात तशीच राहिली, तर तीही अडचणीत आणू शकते. मित्राची बंदूक सरावाला घेऊन जाणंही या मनाईतच येतं. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, आमच्या शब्दावर विसंबू नका. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही अट लागू नाही.

१९७९ नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी फायरआर्म्स सेफ्टीचा, म्हणजे बंदूक सुरक्षितपणे वापरण्याच्या कोर्सचा, दाखला लागतो. तो अजून नसेल तर अनुभवी, परवानाधारक शिकाऱ्याच्या सोबतीनं ‘अप्रेंटिस’ म्हणून जाता येतं, पण ही सवलत आयुष्यात दोनच हंगाम मिळते. आम्ही तरी कोर्सच करा म्हणू.

पक्षी राहतो कुठे

खरं शिकायचं ते इथे. जुनं, उंच झाडांचं, चालायला मोकळं जंगल दिसायला सुंदर असतं, पण ग्राउसला ते फारसं मानवत नाही. त्याला हवं असतं ॲस्पेन नावाच्या झाडांचं तरुण रान. लाकडासाठी ॲस्पेन तोडला की मुळांतून पुन्हा फुटवे येतात. साधारण १० ते २५ वर्षांची ही दाटी ग्राउसला ससाण्यापासून आणि घुबडापासून आडोसा देते. खोडं मनगटाएवढी आणि इतकी जवळजवळ की खांदा तिरका करून शिरावं लागतं. असं रान दिसलं की थांबा. त्याच्या कडेला ओलसर जागेतलं ऑल्डरचं किंवा लाल देठांचं डॉगवुडचं झुडूप असेल, वाटेवर क्लोव्हरचं गवत उगवलं असेल, तर तिथेच सकाळ घालवा. मिनेसोटातल्याच क्लोके इथे संशोधक गॉर्डन गलियन यांनी वर्षानुवर्षं या पक्ष्याचा अभ्यास केला आणि ॲस्पेनशी असलेलं त्याचं नातं उलगडून दाखवलं.

ग्रँड रॅपिड्सच्या आसपास, चिपेवा नॅशनल फॉरेस्टमध्ये आणि राज्याच्या जंगलांत अशा जागा भरपूर आहेत. शिकाऱ्यांसाठी राखलेल्या, गाड्यांना बंदी असलेल्या पायवाटा डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) नकाशावर मिळतात. नवख्यानं सुरुवात तिथूनच करावी. खासगी शेतजमिनीत पाटी नसली तरी मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका.

चालायचं कसं

इथे मचाण नाही, हाकारे नाहीत. पंधरा-वीस पावलं चाला, मग थांबा, अर्धा मिनिट तरी. चाललेल्या माणसाला ग्राउस दबून जाऊ देतो. पावलं थांबली की बिथरतो आणि उडतो. म्हणून थांबाल तिथे पाय घट्ट रोवलेले आणि बंदूक फिरवायला मोकळी जागा हवी. पक्षी भर्र् करून अगदी पायाजवळून उठतो, छाती धडधडते आणि दोन-तीन सेकंदांत तो झाडांआड जातो. पहिल्या हंगामात बहुतेक पक्षी असेच जाणार, आणि त्यात काही बिघडत नाही. आवाजाच्या दिशेनं कधीही बार टाकू नका. सोबती नेमका कुठे आहे हे दिसत नसेल तर बंदुकीची सेफ्टी (चाप अडवणारी कळ) काढूच नका.

काय घ्यावं

आधी डोळ्यांवर सुरक्षा चष्मा. ऑल्डरच्या फांद्या थेट बुबुळावर येतात. मग काट्यांत न फाटणारी पँट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि होकायंत्र. कमरेच्या वर भडक केशरी किंवा गुलाबी कपडा कायद्यानं लागतोच. नोव्हेंबरात हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू झाला की टोपीही त्याच रंगाची हवी. त्या दिवसांत नवख्यांनी घरीच राहावं. बंदूक २० गेजची (नळीचं माप), हलकी. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा अरुंदपणा, मोकळा, छर्रे साडेसात नंबरचे. महागडी घेण्याची काही गरज नाही.

हंगाम आणि नंतर

हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. पानं गळल्यावरचा ऑक्टोबर उत्तम. दिवसाची मर्यादा ५ पक्ष्यांची, आणि स्प्रूस ग्राउस ही ग्राउसची दुसरी जातही त्यातच मोजली जाते. लांब चोचीचा वुडकॉक याच रानात उठतो, पण त्याचे नियम वेगळे आहेत. ओळख पटल्याशिवाय नेम धरू नका. निघण्याआधी डीएनआरची त्या वर्षीची पुस्तिका वाचा.

पक्षी मिळालाच तर लगेच साफ करा. छातीचं मांस पांढरं आणि कोवळं असतं. रश्श्यात तासभर उकळलं तर चिवट होतं, तुपावर मिरपूड टाकून परतलेलं चांगलं लागतं. साफ करताना गळ्याखालची दाण्याची पिशवी उघडून बघा. आत क्लोव्हरची हिरवी पानं, डॉगवुडची पांढरी फळं किंवा ॲस्पेनच्या कळ्या जशाच्या तशा दिसतील. जे सापडेल ते झुडूप कुठे पाहिलं होतं ते आठवा, नकाशावर खूण करा आणि पुढच्या खेपेला तिथूनच चालायला लागा.