तळघर की वरची खोली?

"अरे, हा परत कशाला गेला?" झोंबींच्या, म्हणजे उठून चालणाऱ्या मृतांच्या, मालिका बघणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी निघतंच. आमच्या नाशिकरोडच्या घरात तर धाकटी बहीण एपिसोड थांबवून वाद घालते: दार उघडायला नको होतं, गाडीत आधी पेट्रोल बघायला हवं होतं, झोंबी चावला की माणूस झोंबी होतो, म्हणून चावा लपवणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारायला हवं होतं. तिचं बऱ्याचदा बरोबर असतं. पण ही माणसं अशी का वागतात हे समजून घ्यायला मालिकेच्या बरंच मागे जावं लागतं, थेट कॅरिबियन समुद्रातल्या हैतीपर्यंत.

फ्रेंचांच्या अमलात तिथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबवलं जाई. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. तिथल्या लोकसमजुतीतला झोंबी कुणाला खात नाही. मेल्यावरही ज्याची सुटका झाली नाही, मन काढून घेऊन ज्याचा देह कामाला जुंपलाय, असा तो माणूस. आपणच तसे होऊ, ही खरी धास्ती होती. आपल्याकडच्या भुतांशी ताडून पाहिलं की फरक कळतो. मुंजाचं लग्न राहिलेलं असतं, हडळ बाळंतपणात गेलेली असते. त्यांना काहीतरी हवं असतं. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी माणसं येतात तीही मेलेल्याचं काही राहून गेलंय या श्रद्धेनेच. झोंबीला काहीच हवं नसतं. त्याची समजूत घालता येत नाही, त्याच्यावरून उतारा टाकून उपयोग नाही. त्यामुळे गोष्टीत जे काही ठरवायचं असतं, ते सगळं जिवंत माणसांवर येऊन पडतं. माझ्या मते या प्रकाराची सगळी ताकद इथे आहे.

अमेरिकेने १९१५ ते १९३४ हैतीवर लष्करी ताबा ठेवला. त्याच काळात ही कल्पना प्रवासवर्णनांतून अमेरिकेत पोचली आणि १९३२ मध्ये तिच्यावर पहिला मोठा चित्रपट निघाला.

आज आपण ओळखतो तो मांस खाणारा, झुंडीने येणारा मृत मात्र १९६८ चा. जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्गच्या आसपास अगदी थोड्या पैशांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. त्यात झोंबी हा शब्दही नाही. शेतावरच्या एका घरात सात माणसं अडकतात आणि भांडतात: तळघरात दार लावून बसायचं, की वर घरातच राहून दारं-खिडक्यांना फळ्या ठोकायच्या? बेन म्हणतो, तळघराला एकच दार, तो सापळा आहे. हॅरी म्हणतो, दार एकच असलं तर राखायलाही एकच. दोघांचंही चुकत नाही. बेन धीराचा, हॅरी चिडका आणि आपमतलबी, म्हणून आपण बेनच्या बाजूने झुकतो. शेवटी घर पडतं आणि बेन वाचतो तो तळघरात लपून. सकाळी बाहेरचा आवाज ऐकून तो वर येतो, तर झोंबी शोधत फिरणारी बंदूकधारी माणसं त्यालाच गोळी घालतात. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली होती, आणि वर्ष १९६८. अमेरिकेत त्या गोळीचा अर्थ कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या जवळजवळ प्रत्येक मालिकेत हे भांडण पुन्हा होतं. तळघराच्या जागी तुरुंग येतो, कोट येतो, शाळेचा वर्ग येतो.

दुसरा धागा दवाखान्याचा. नायक शुद्धीवर येतो तोवर जग बुडालेलं असतं. जॉन विंडम यांच्या १९५१ च्या कादंबरीत हे आहे, २००२ च्या '२८ डेज लेटर' मध्ये आहे आणि ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झालेल्या रॉबर्ट कर्कमन यांच्या 'द वॉकिंग डेड' या चित्रकथेतही आहे. युक्ती सोयीची आहे, कारण सर्वांत अवघड प्रश्न तिने टळतो: पाय ओढत चालणाऱ्या मृतांपुढे सैन्य हरलं कसं?

त्या चित्रकथेवरची मालिका ३१ ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झाली आणि १७७ भागांनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. दीड तासाच्या चित्रपटाला एक चुकीचा निर्णय पुरतो. १७७ भागांना दर आठवड्याला नवा लागतो. बहिणीची चिडचिड होते ती याच गणितामुळे. २०१५ मध्ये ग्लेन हे त्यातलं पात्र झुंडीच्या तावडीत सापडलं, मेला असंच वाटलं, आणि काही आठवड्यांनी तो कचरापेटीखाली सरकून वाचल्याचं दाखवलं. तिथे पात्राने काही ठरवलंच नव्हतं, लेखकांनी आपल्याला टांगून ठेवलं होतं. माझा विश्वास तिथे उडाला तो पुरता परत आला नाही.

पण याच मालिकेतला हर्शेलचा गोठा बघा. दुसऱ्या हंगामातला हा म्हातारा शेतकरी आपल्या मृत बायकोला आणि सावत्र मुलाला गोठ्यात कोंडून ठेवतो, कारण त्याच्या लेखी ती आजारी आहेत, औषध निघेल. पहिल्यांदा बघताना मला तो मूर्ख वाटला होता. आता वाटत नाही. रामकुंडावर अस्थी सोडताना हात थबकलेला ज्याने पाहिलाय, त्याला हर्शेल कळतो. गोठा उघडतात आणि सगळे जिला रानोमाळ शोधत होते ती हरवलेली मुलगी सोफिया शेवटी त्यातूनच चालत बाहेर येते. इथला प्रत्येक निर्णय, शोधत राहण्याचा, कोंडून ठेवण्याचा, दार फोडण्याचा, त्या त्या माणसाच्या स्वभावातून आलाय.

पुढे ही मंडळी ज्या तुरुंगात आसरा घेतात, त्याच्या भिंतीही मृतांनी पाडल्या नाहीत; गव्हर्नर म्हणवणारा जिवंत शत्रूच रणगाडा घेऊन आला. हे आपल्याला नवीन नाही. नाशिकजवळ पेठ रोडवरचा रामशेज किल्ला १६८२ पासून मोगलांच्या वेढ्यात वर्षानुवर्षं टिकला आणि अखेर गेला तो लाच देऊन, असं इतिहास सांगतो.

कोरियन लेखकांनी नियमांची शिस्त आणली. २०१९ च्या 'किंगडम' मध्ये मृत उन्हाला घाबरतात असं सगळे धरून चालतात. पण खरं कारण उन्हाचं नसून थंडी-उष्म्याचं निघतं आणि आखलेले बेत एका सकाळी कोसळतात. चूक खरी, पण हाताशी होत्या त्या माहितीवर केलेली. २०२२ च्या 'ऑल ऑफ अस आर डेड' मधल्या शाळकरी मुलांनी झोंबीपट पाहिलेले आहेत. त्याच वर्षी जानेवारीत आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला आणि हा प्रकार डोंबिवलीच्या इमारतींत, मराठीत शिरला. २०२३ च्या 'द लास्ट ऑफ अस' मध्ये एका मुलीला वाचवायला नायक जोएल सगळ्या जगाच्या औषधाची आशा मोडतो. त्यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

२०२० च्या कोरोनानंतर माझी बघण्याची नजर बदलली. ताप लपवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली, त्यामुळे चावा लपवणारं पात्र आता खोटं वाटत नाही. त्या एप्रिलमध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून, कसारा घाट चढून, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं नाशिककडे चालत येत होती. वाटेत काय वाढून ठेवलंय हे त्यांना माहीत होतं, तरी ती निघाली होती, कारण घर तिकडे होतं. १ मे रोजी नाशिकरोड स्थानकातून भोपाळला मजुरांची विशेष गाडी सुटली. त्यानंतर केव्हातरी मी 'द वॉकिंग डेड' चा पहिला भाग पुन्हा लावला. शहराबाहेर पडणाऱ्या गाड्यांनी एक बाजू गच्च भरलेली, आणि मोकळ्या बाजूने नायक रिक घोड्यावरून अटलांटाकडे निघालेला, बायको-मुलाला शोधायला. बहीण शेजारीच होती. या वेळी तिने एपिसोड थांबवला नाही.